ओटा कुणाच्या मापाचा?

मराठी विभागाच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा मी आधी सरळ नाही म्हणून टाकलं होतं. कॉन्व्हेंटवाल्याचं मराठी काय लायकीचं असतं ते आमच्या हॉस्टेलच्या अख्ख्या विंगला ठाऊक आहे. ‘एकोणऐंशी’ म्हणजे सेव्हंटी-नाइन की एटी-नाइन, हे मला अजून मनातल्या मनात मोजावं लागतं. पण ‘विषय कुठलाही चालेल’ असं ऐकलं आणि मे महिन्यापासून डोक्यात घोळत असलेली एक गोष्ट बाहेर आली. विषय आहे स्वयंपाकघरातला ओटा.

हसू नका. चार वर्षं आपण बीम, कॉलम, स्लॅब करत बसतो. पण घरातलं जे एकच स्ट्रक्चर कुणीतरी रोज तीन-चार तास प्रत्यक्ष वापरतं, त्याच्याबद्दल आपल्याला एकही प्रश्न कुठल्या पेपरात आलेला नाही. मला तर शाळेत त्याला ‘किचन प्लॅटफॉर्म’ म्हणायला शिकवलं होतं. प्लॅटफॉर्म म्हटलं की ती वस्तू स्टेशनावरची होते, सगळ्यांची आणि कुणाचीच नाही. ओटा म्हटलं की तिथे आई उभी दिसते.

तर झालं असं. आमचं नाशिकचं घर जुन्या बिल्डिंगमधलं. तीस वर्षांपूर्वी बिल्डरने जो कडप्प्याचा ओटा घालून दिला तोच आजवर चालला. मागच्या मे महिन्यात बाथरूमचं पाणी खालच्यांच्या छतात उतरायला लागलं, म्हणून काम काढावंच लागलं. आणि एक भिंत फोडली की दुसरी फोडायचा मोह होतो, तसा बाबांना झाला. “होऊन जाऊ दे किचनसुद्धा!” मग सुट्टीवर आलेला सिव्हिलचा मुलगा आयता हाताशी होता. टेप धरायला, दुकानं फिरायला आणि कॉन्ट्रॅक्टर काकांवर लक्ष ठेवायला.

पहिल्याच दिवशी दुकानात गेलो. दगडाच्या दुकानात गिऱ्हाईक सगळ्यात आधी काय विचारतं? रंग. दुसरं, भाव. तिसरं, ‘सध्या काय चालतंय?’ आम्हीही हेच तीन प्रश्न विचारले. शेठने एक पांढरीशुभ्र, करड्या रेघांची लादी पुढे ओढली आणि म्हणाले, हे क्वार्ट्झ, आता सगळे हेच घेतात. बाबा तिथेच विरघळले. आई मागे उभी होती. तिने त्या लादीवरून एकदा हात फिरवला आणि एवढंच म्हणाली, “हळदीचं काय?” तिच्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नाही.

आता मी इथे थोडं पुस्तकी बोलणार आहे, सांभाळून घ्या. दुकानात ज्याला सरसकट ‘मार्बल-ग्रॅनाइट’ म्हणतात त्यात चार-पाच वेगवेगळ्या स्वभावाचे दगड असतात. आमचा जुना कडप्पा हा आंध्र प्रदेशातल्या कडप्पा जिल्ह्याच्या नावाने ओळखला जाणारा काळा चुनखडक. शहाबाद आणि कोटा हेही चुनखडकच. संगमरवर म्हणजे चुनखडकाचंच उष्णता आणि दाबाने झालेलं रूपांतर. या सगळ्यांच्या अंगात कॅल्शियम कार्बोनेट. जिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलला आपण कॅल्साइटवर हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाकतो आणि फस्स होतं, आठवतंय? लिंबू, चिंच, आमसूल, ताक हे त्याचेच गरीब भाऊ. आमच्या कडप्प्यावर शेगडीच्या उजव्या हाताला एक निस्तेज, खडबडीत पट्टा होता. मी लहानपणापासून तो ‘मळलेला’ समजत होतो. तो मळ नव्हता. तीस वर्षं आईने तिथेच लिंबं पिळली होती. माझ्या मावशीने हौसेने पांढऱ्या संगमरवराचा ओटा केला, त्याची कथा आमसुलाच्या एका वाटीत संपली. असो.

ग्रॅनाइटला आम्लाची भीती नाही. आणि दुकानात ‘ब्लॅक ग्रॅनाइट’ म्हणून जो मिळतो तो बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतोच! आंध्रातल्या चिमाकुर्तीचा जगप्रसिद्ध ‘ब्लॅक गॅलक्सी’, तो ज्यात सोनेरी ठिपके चमकतात, तो भूशास्त्राच्या भाषेत गॅब्रोच्या कुळातला आहे. खऱ्या ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ भरपूर असतं, गॅब्रोत जवळजवळ नसतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. (गंमत म्हणजे आपण महाराष्ट्रातले लोक बेसाल्टच्या डोंगरावर बसलोय. पाटा-वरवंटा त्याच काळ्या दगडाचा. पण ओट्याला आंध्रातून दगड आणतो, कारण आपल्या बेसाल्टला सांधे-भेगा फार, मोठी सलग लादी सहसा निघत नाही.)

आणि क्वार्ट्झ? दुकानातलं क्वार्ट्झ खाणीतून लादीच्या रूपात येत नाही. क्वार्ट्झचा चुरा साधारण नव्वद टक्के किंवा जास्त, बाकी पॉलिएस्टर रेझिन आणि रंग. हे मिश्रण दाब, कंपन आणि निर्वात यांच्या मदतीने लादीत बसवतात. ही पद्धत मूळ इटलीची. म्हणजे आपल्या भाषेत काँक्रीटच की! खडी क्वार्ट्झची आणि सिमेंटच्या जागी रेझिन. गुण आहेत, नाही असं नाही. पाणी शोषत नाही, डिझाइन सारखं येतं, सीलर मारायला लागत नाही. पण सिमेंटच्या जागी रेझिन असल्यामुळे उष्णतेची मर्यादा रेझिनची. साधारण दीडशे अंशांपर्यंत ठीक. कुकर उतरवून ठेवला तर त्याच्या आत 120 अंशांच्या आसपास असतं, निभावेल. पण फोडणीची कढई? पुरणपोळीचा तवा? ते बिनधास्त टेकवायची सवय आपल्या घरातून जाणार आहे का? आईच्या हळदीच्या प्रश्नालाही आता उत्तर देतो. पांढऱ्या लादीवर हळद सांडून राहिली तर पिवळा डाग पडू शकतो. उन्हात तो हळूहळू फिका होतो खरा, पण ओटा कुणी गच्चीत वाळत घालत नाही.

भाव शेठनी सांगितला तो असा : काळा ग्रॅनाइट 230 रुपये चौरस फूट, क्वार्ट्झ 650. आमचा ओटा 11 फूट लांब, 2 फूट रुंद, म्हणजे 22 चौरस फूट. फरक 9,240 रुपयांचा. बाबा म्हणाले, एकदाच करायचंय तर चांगलं करू. मला हे वाक्यच खटकतं. ‘चांगलं’ म्हणजे काय हे ठरवायच्या आधीच आपण त्याची किंमत ठरवून मोकळे होतो.

कारण तोपर्यंत, आणि इथे माझा खरा मुद्दा सुरू होतो, ओट्याची उंची किती हे कुणी विचारलंच नव्हतं. कॉन्ट्रॅक्टर काकांना मी विचारलं तर म्हणाले, “छत्तीस इंच. स्टँडर्ड आहे.” कुणाचं स्टँडर्ड? तर ट्रॉल्यांच्या कॅटलॉगचं. आणि कॅटलॉगचं कुठून आलं? अमेरिकेत ओटा 36 इंचांचा असतो, तिथून. तिथल्या लोकांची उंची आणि तिथल्या शेगड्या पाहून ते माप ठरलंय.

माझी आई 4 फूट 11 इंच, म्हणजे 150 सेंटिमीटर. मी तिला भिंतीशी उभं करून कोपर जमिनीपासून किती उंच येतं ते मोजलं. 94 सेंटिमीटर. हलक्या हाताचं काम, भाजी चिरणं वगैरे, कोपराच्या साधारण 10 ते 15 सेंटिमीटर खाली करावं आणि जोर लावायचं काम त्याहून खाली, हा एर्गोनॉमिक्सचा साधा फंडा आहे. म्हणजे चिरायला ओटा हवा 79 ते 84 सेंटिमीटर. इंचांत 31 ते 33. कणीक तिंबायची तर आणखी खाली. काकांचं छत्तीस इंच म्हणजे 91 सेंटिमीटर! म्हणजे तिने कोपराच्या जेमतेम 3 सेंटिमीटर खाली पोळ्या लाटायच्या, खांदे वर उचलून.

बरं, हे नुसत्या ओट्याचं झालं. आपल्याकडे शेगडी ओट्यात बुडवलेली नसते, वर ठेवलेली असते. आमची शेगडी 12 सेंटिमीटर उंच निघाली. 91 अधिक 12 म्हणजे 103. कढईचा बुडखाच आईच्या कोपराच्या वर गेला, मग कढईच्या काठावरून आत झारा घालायला हात किती वर न्यायचा? उकळत्या तेलाच्या इतक्या जवळ? सिंकचं नेमकं उलटं. सिंकचा तळ ओट्याच्या 8-9 इंच खाली असतो, म्हणून भांडी घासणाऱ्याला तिथे वाकावं लागतं. सिंकला ओटा उंच हवा, शेगडीला बुटका हवा. एकाच पातळीचा सलग ओटा दिसायला छान, पण तो दोन्हीकडे चुकतो.

हे सगळं मी आईला मोठ्या अभिमानाने सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि ओट्याखालून एक जुना लाकडी पाट पायाने बाहेर ओढला. “म्हणूनच तर हा ठेवलाय.”

मी वीस वर्षांचा आहे. तो पाट मी वीस वर्षं पाहतोय. त्याला अडखळून मी दोनदा पडलोय आणि ‘हा इथे कशाला ठेवतेस’ म्हणून तिच्यावर ओरडलोसुद्धा आहे. जुना ओटा 34 इंचांचा होता, आणि कणीक मळताना, फोडणी घालताना ती त्या पाटावर चढून उभी राहत होती. आम्हा दोघांना, मला आणि बाबांना, हे कधी दिसलंच नव्हतं. आणि आता आम्ही तो ओटा आणखी दोन इंचांनी वर नेणार होतो, 9,240 रुपये जास्त देऊन.

सर्वे करायचा म्हणून एक दिवस मी घड्याळ लावून बसलो. आई ओट्याशी उभी : 3 तास 40 मिनिटं. बाबा : 6 मिनिटं, चहा. (मी : शून्य. लिहायला लाज वाटते, पण डेटा लपवू नये असं आमचे सर म्हणतात.) तरी उंचीवर पहिला आक्षेप बाबांचाच. एवढ्या बुटक्या ओट्यावर त्यांची पाठ दुखेल! आईने कधी नव्हे ते त्यांच्याकडे बघून विचारलं, “सहा मिनिटांत?” त्यावर विषय संपला.

याच सुट्टीत आर्किटेक्चरच्या एका मित्राकडून मला ‘फ्रँकफर्ट किचन’ कळलं. 1926 साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन बाईंनी फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी हे स्वयंपाकघर डिझाइन केलं. जागा फक्त 1.9 मीटर बाय 3.4 मीटर. गृहिणी किती पावलं चालते, कशाला किती वेळ लागतो, याचा अभ्यास करून प्रत्येक गोष्टीची जागा ठरवलेली. अशी साधारण दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली. या बाईंनी स्वतः तोपर्यंत घरचा स्वयंपाक केलेला नव्हता, हे त्यांनीच पुढे सांगून टाकलं आहे. मला यात मोठा दिलासा वाटला. म्हणजे ओट्याचं डिझाइन करायला पोळ्या लाटता यायलाच हव्यात असं नाही, लाटणाऱ्या माणसाकडे बघता यायला हवं. आपल्याकडे अडचण ही आहे की ओटा ठरवणारे सगळे पुरुष असतात (कॉन्ट्रॅक्टर, गवंडी, दगडवाला, पैसे देणारा), आणि बाईला फक्त टाइल्सच्या फुलांचा रंग विचारतात. तेवढं विचारलं की आपण फार मॉडर्न झालो असं आपल्याला वाटतं.

शेवटी आमचा ओटा दोन पातळ्यांचा झाला. सिंक आणि चिरायची बाजू 32 इंच, शेगडीची बाजू 28. काकांनी ‘ट्रॉल्या कापाव्या लागतील, वहिनी’ म्हणून दोन दिवस कुरकुर केली. आई म्हणाली, “भाऊ, मग कापा.” दगड काळा घेतला, आईच्याच पसंतीचा. घासाघीस, खरकटं, हळद, तेल सगळं पोटात घालणारा. वाचलेल्या पैशात बाथरूममधल्या चकचकीत टाइल्स रद्द करून खरखरीत घेतल्या आणि आजीसाठी कमोडच्या बाजूला धरायला स्टीलचा दांडा बसवला. मोरी सुकायला हवी म्हणून उतार मी स्वतः लेव्हल-ट्यूबने तपासला. सर्व्हेइंगचा आयुष्यातला पहिला उपयोग.

इथे लेख संपवला असता तर मी हिरो झालो असतो. पण पुढचं सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

बाबांना क्वार्ट्झ सुटेना. किचनमध्ये नाही तर नाही, वॉश-बेसिनखाली चार फुटांचा तुकडा तरी घेऊ. सगळे त्यांच्याविरुद्ध बोलून झाले होते, मला वाईट वाटलं, मीच म्हटलं घ्या. तुकडा आला तो आख्खा. बेसिनचं गोल भोक पाडायचं काम घरी. फिटिंगला आलेला मुलगा माझ्याच वयाचा, राजस्थानातल्या करौलीकडचा. त्याने गॅलरीत लादी दोन विटांवर टेकवली, तोंडाला रुमाल बांधला आणि मशीन सुरू केलं. कोरडंच. दोन मिनिटांत गॅलरी पांढरी. धूळ हॉलमध्ये यायला लागली, आजीला खोकला आला. म्हणून मी उठलो आणि गॅलरीचं दार लावून घेतलं.

त्याला बाहेर ठेवून!

तेव्हा मला त्यात काही चुकलं असं वाटलंही नाही. अर्ध्या तासाने तो बाहेर आला तो पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा, भुवयांसकट पांढरा. आईने चहा दिला. मी सहज विचारलं, धूळ लागत नाही का? “आदत है, भैया,” म्हणाला. मग चहा पिता पिता त्याने सांगितलं की त्याचे वडील दगडाच्या खाणीत होते, आता घरीच असतात, जिना चढला की धाप लागते. छातीचं सर्टिफिकेट झालंय, सरकारकडून पैसे मिळाले. हे तो अगदी सहज सांगत होता, दहावीचा निकाल सांगावा तसं. राजस्थान सरकारने 2019 मध्ये सिलिकोसिससाठी स्वतंत्र धोरण आणलं, त्यातलं ते सर्टिफिकेट, हे मला नंतर वाचल्यावर कळलं.

नंतर मी बरंच वाचलं. क्वार्ट्झची, म्हणजे स्फटिकी सिलिकाची, अगदी बारीक धूळ फुप्फुसात खोल जाऊन बसते, तिथे व्रण धरतात, फुप्फुस कडक होत जातं. त्याला सिलिकोसिस म्हणतात आणि तो उलटवणारं औषध नाही. सिलिकाची धूळ कॅन्सरला कारण ठरते हेही 1997 पासून आंतरराष्ट्रीय यादीत आहे. खाणीतला हा जुना रोग आता ओट्यांमधून नव्याने आलाय. 2012 मध्ये इस्रायलच्या डॉक्टरांनी कृत्रिम दगड कापणाऱ्या 25 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. 2023 मध्ये कॅलिफोर्नियातल्या अशाच 52 कामगारांचा अभ्यास आला. मध्यक वय 45, आणि त्यांतले 10 जण तोवर गेलेले. जवळजवळ सगळे बाहेरून पोटासाठी आलेले लॅटिन अमेरिकन मजूर. ऑस्ट्रेलियाने तर 1 जुलै 2024 पासून या दगडाचं उत्पादन, विक्री, बसवणं सगळंच बंद केलं. असं करणारा तो पहिला देश.

आपल्या सिलॅबसमधलंच एक गणित करून बघा. सेडिमेंटेशन टँकला लावतो तोच स्टोक्सचा नियम हवेला लावायचा. क्वार्ट्झची घनता 2,650, कण 2 मायक्रॉनचा. सेटलिंग व्हेलॉसिटी येते सेकंदाला साधारण 0.3 मिलिमीटर. म्हणजे नाकाच्या उंचीवरून, दीड मीटरवरून, हा कण शांत हवेत खाली बसायला सव्वा ते दीड तास घेतो. जी पांढरी भुकटी आपल्याला दिसते, झाडून काढतो, ती बरी, ती जाड असते. जी दिसत नाही ती मशीन बंद झाल्यावरही तासभर श्वासात असते, आणि रुमालाची वीण तिच्यासाठी म्हणजे सताड उघडं दार. मी लावलं ते दार मात्र पक्कं बंद होतं.

‘क्वार्ट्झवर बंदी घाला’ असं मी म्हणत नाही. तेवढं माझं वाचन नाही, आणि आपल्याकडे या लाद्यांचे कारखाने आहेत, त्यांत माणसं कामाला आहेत, आता कमी सिलिकाचे प्रकारही निघालेत. शिवाय खरा ग्रॅनाइट कोरडा कापला तरी सिलिका उडतेच, फक्त प्रमाण कमी. काळ्या गॅब्रोत ते सगळ्यात कमी, म्हणून मघाशी लक्षात ठेवा म्हणालो. आईने काळा दगड हळदीसाठी निवडला, कापणाऱ्यालाही त्यातल्या त्यात तोच बरा निघाला. धूळ मात्र कुठलीच औषध नव्हे.

माझं म्हणणं त्याहून लहान आहे. दगड पाण्याखाली कापला तर धूळ उडायच्या आधीच चिखल होते. दुकानात पाण्याचं मोठं कटर असतं. सिंकचं, शेगडीचं, बेसिनचं माप पुठ्ठ्यावर कापून आधी दिलं तर सगळी भोकं, सगळी मोल्डिंग तिथेच होऊन येतात. घरी उरतं ते फक्त बसवणं. थोडंफार घासावं लागलंच तर एकाने पाण्याची बाटली धरायची आणि करणाऱ्याला रुमाल नव्हे, धुळीचा घट्ट बसणारा मास्क द्यायचा. याला किती खर्च येतो? मी शेठना फोन करून विचारलं. पुठ्ठ्यावर माप आणून दिलं तर बेसिनच्या भोकाचे त्यांनी 400 रुपये सांगितले. आम्ही 650 रुपये फुटाचा दगड घेतला आणि 400 रुपये वाचवले. वाचवले असंही नाही, कुणी विचारलंच नाही म्हणून राहिले. कोटेशनमध्ये दगडाची जाडी होती, पॉलिश होतं, कडेला हाफ राउंड की चौकोनी ते होतं. कापणार कुठे आणि कसं, ही ओळच नव्हती. 1948 च्या कारखाने कायद्याच्या यादीत सिलिकोसिस हा कळवण्याजोगा रोग म्हणून होता. पण आमची गॅलरी म्हणजे काही कारखाना नव्हे, तिथला इन्स्पेक्टर मीच होतो आणि मी दार लावून घेतलं होतं.

मित्रांनो, आपल्यापैकी निम्मे लोक उद्या साइटवर उभे राहणार, कोटेशनं लिहिणार, लिहून घेणार. ती एक ओळ घालायला कुठलाही कोड आड येत नाही. आणि ओट्यापुढे उभ्या राहणाऱ्या बाईचं कोपर मोजायला टेप पुरते.

बेसिनचा तुकडा दिसायला फारच सुंदर आहे, पाहुणे आवर्जून विचारतात. सकाळी दात घासताना माझी नजर त्या गोल भोकाच्या कडेवर जाते. डाव्या बाजूला मशीन किंचित हललेलं दिसतं. बहुतेक तेव्हा त्याला खोकला आला असावा.

दिवाळीत घरी गेलो तर समोरच्या काकूंचं किचनचं काम निघालं होतं. आमचा ओटा बघायला आल्या. आईने त्यांना स्वतः टेप आणून कोपर मोजायला लावलं, 28 आणि 32 चं कोष्टक समजावून सांगितलं, कापायचं ते दुकानात पाण्यावरच कापून घ्या, घरी मशीन लावू देऊ नका, असं दोनदा बजावलं. काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली आणि निघताना दारात वळून विचारलं,

“ते सगळं करते हो, पण रंग कुठला घेऊ?”